चौथ्या वर्षीचा शेरा

यमुना खिल्लारे बाईंना यंदाही बढती द्यायची नाही, हे निवड समितीचा चहा यायच्या आधीच ठरलं होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं.

विभागप्रमुख निमोणकर सरांनी त्यांचे सहा वर्षांचे गोपनीय अहवाल टेबलावर मांडले. सहाही अहवालांत सरांच्या हातचा एकच शेरा होता, ‘वर्गावर पकड नाही.’ विभागातल्या पुरुषांच्या वर्गात याहून जास्त गलका असे, पण त्यांच्या अहवालात सर ‘विद्यार्थिप्रिय’ असं लिहीत.

“मी मार्गदर्शन तरी किती करायचं?” सर अध्यक्षांना म्हणाले. “सहा वर्षांत काडीचा फरक नाही.”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

बाईंनी चौथा अहवाल उचलला. त्यांचा आवाज अगदी खाली होता.

“या अहवालाच्या वर्षी मी जूनपासून रजेवर होते, दवाखान्यात, आईच्या उशाशी. ती गेली तेव्हा कॉलेजातल्या परीक्षाही आटोपल्या होत्या. वर्षभर माझा वर्ग निमोणकर सरांनी घेतला.”

बाईंनी तो कागद सरांपुढे सरकवला.

“बाकीचे पाच शेरे मी घेते, सर. हा तुमचा तुम्ही ठेवा.”