तीन वराती आणि सगुणा कासारीण

एक होता राजा, नाव चंद्रभान. मिशा झुबकेदार, पण कान म्हातारे झालेले. ऐकू कमी यायचं, बरं का. पण "काय म्हणालात?" असं राजानं विचारायचं कसं? लाज वाटायची ना! म्हणून कुणी काही बोललं, की हा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "उत्तम! होऊन जाऊ दे."

त्यात त्या दरबाराची रीत मेली उफराटी. राजाशी बोलायचं तर मान खाली घालायची आणि तोंडापुढे उपरणं धरायचं. मग ऐकू येणार काय, कप्पाळ?

राजाची एकुलती एक लेक केतकी. एके दिवशी प्रधान आला, उपरण्याआड पुटपुटला, "केतकीसाठी माझा भाचा कसा वाटतो?" राजा म्हणाला, "उत्तम! होऊन जाऊ दे." मग सेनापती आला आपल्या पुतण्याचं स्थळ घेऊन. तेही उत्तम! मग आला पुरोहित. त्याचा मेहुणा पन्नाशीचा, टक्कल पडलेला. तोसुद्धा उत्तम!

केतकी धावत आली, राजाच्या पाठीमागून ओरडली, "बाबा, मला नाही लग्न करायचं!" राजा आपला पोपटाला डाळिंब भरवत बसलेला. त्यानं वळूनही बघितलं नाही. केतकी रडत खोलीत गेली. आणि राजा मनात म्हणतोय, आताशा लेकही माझ्याशी बोलत नाही.

मग काय, एकाच दिवशी तीन वराती वेशीवर! तीन घोडे, तीन नवरदेव. राजा गच्चीतून बघून म्हणतो कसा, "वा, आज जत्रा दिसते!"

तेवढ्यात सगुणा कासारीण आली केतकीला हिरवा चुडा भरायला. राजा बघायला गेला तो नेमका दारात उजेड अडवून उभा. आता बांगड्या भरायच्या तर उजेड हवा, नाहीतर काच फुटून हात कापतो. सगुणा कुणाला भिणारी नव्हे. म्हणाली, "उजेड सोडा, महाराज!" आणि हाताला धरून त्याला सरळ समोर बसवलं. मग त्याच्याकडे बघत, न ओरडता, सावकाश विचारलं, "वराती तीन आल्यात. चुडे किती भरू?"

राजाला शब्द न् शब्द कळला! "तीन? कुणी बोलावल्या?"

"तुम्हीच की!"

राजानं आ वासला. "सगुणाबाई, तुझंच कसं गं ऐकू येतं?"

"मी समोर बसते, उजेडात बसते, एका वेळी एकाशीच बोलते. बाकीच्यांची तोंडं कधी बघितलीत का?"

मग राजा लेकीसमोर बसला, तिचा हात हातात घेतला. "केतके, मला नीट ऐकू येत नाही गं." पहिल्यांदाच कबूल केलं त्यानं. "आता सांग."

केतकी म्हणाली, "बाबा, मला हे लग्न नको."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग नाही करायचं."

तिन्ही नवरदेवांना पुरणपोळी खाऊ घालून परत पाठवलं. दरबारातल्या उपरण्यांची पायपुसणी केली. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, की प्रधानाला पुढचे दातच नाहीत! राजा हसला, प्रधानही हसला, आणि सगळे समोरासमोर बसून सुखानं नांदले.

चला, झोपा आता. काय पुटपुटतेस गं पांघरुणातून? तोंड बाहेर काढ, इकडे बघ, आणि मग सांग आजीला. पाणी हवंय? हे घे. पी आणि झोप.