वाफेवाडीच्या महाराजांचा मेटा टॅग

वाफेवाडीच्या महाराजांची वेबसाईट कुणाला म्हणजे कुणालाच सापडेना!

राज्यात गरम पाण्याचं कुंड होतं. बुडी मारली की दुखरे गुडघे पळायलाच लागायचे! पण मोबाईलवर 'गरम पाण्याचं कुंड' असं शोधलं की सगळ्यात वर यायचं शेजारचं डोंगरतळे संस्थान. तिथलं पाणी कसलं, रात्री विझलेल्या बंबातलं सकाळचं पाणी! तरी लोक गाड्या भरभरून तिकडेच.

"प्रधानजी, हा काय प्रकार?" महाराज कडाडले.

प्रधान गुंडोपंत घाम पुसत म्हणाले, "महाराज, वेबसाईटच्या प्रत्येक पानामागे एक चिठ्ठी असते. तिला मेटा टॅग म्हणतात. पान कशाचं आहे ते सर्च इंजिन तिच्यावरून ताडतं, आणि शोधणाऱ्याला तिच्यातलेच चार शब्द दाखवतं."

"मग आपल्या चिठ्ठीत काय लिहिलंय?"

"आपली बिरुदं! अखिलरणधुरंधर, सकलकलामार्तंड, रिपुगजकेसरी..."

"वा! मग अडलं कुठे?"

"तिथेच अडलं, महाराज. केसरीनंतर सर्च इंजिन तीन टिंबं देऊन मोकळं होतं. कुंड राहिलं पार शेवटी."

"मग 'थोर महाराज' हे शब्द आणखी घाला!"

"घातले की! पान भरून घातले. सर्च इंजिनाला वाटलं कुणी पिडायला आलंय. आपल्याला आणखीच खाली ढकललं!"

कुंडाशेजारी खाणावळ चालवणारी सगुणाबाई दरबारात गाऱ्हाणं घेऊन आली होती. पाहुणे नाहीत, चूल थंड, दोन पोरींना घेऊन गाव सोडायची वेळ आलेली. ती फटकन बोलली, "मग ती बिरुदं काढा आणि कुंड लिहा की, महाराज!"

गुंडोपंतांनी कानांवर हात ठेवले.

"बिरुदं काढा?" महाराज लालबुंद झाले. "एक अक्षर गळता कामा नये! उलट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली पाहिजेत. आणि पाहुणे तर आलेच पाहिजेत! महिनाभर चिठ्ठी तुझ्या ताब्यात. नाही जमलं तर तुझी खाणावळ पाडून तिथे हत्ती बांधीन!"

सगुणाबाईनं पदर खोचला. "ठरलं जी. पण आधी उद्या माझ्याकडे जेवायला या."

दुसऱ्या दिवशी महाराज आले. पाट मांडला, पुढे पान ठेवलं, आणि झाकलेलं पातेलं घेऊन सगुणाबाई समोर उभी राहिली. वाढेल तर शपथ!

"हे आहे क्षुधाविनाशक, जिव्हामार्तंड, चुलीच्या कुळातलं..."

"बरं बरं, वाढ."

"...उदरधुरंधर, तिखटशिरोमणी, ढेकरकेसरी..."

"अगं बाई, भुकेनं जीव चाललाय! आत काय आहे ते सांग, नाहीतर मी शेजारच्या घरी जेवतो!"

सगुणाबाईनं झाकण काढलं. "भरली वांगी आहेत, महाराज. तुमच्या वेबसाईटवर पाहुणाही असाच ओरडतो आणि शेजारी जेवायला जातो."

महाराजांनी पातेलंच पुढे ओढलं. मग ते गुरगुरले, "चिठ्ठी हवी तशी लिही. पण माझी अट कायम!"

सगुणाबाईनं कारकुनाला चिठ्ठी सांगितली: 'वाफेवाडी. गुडघेदुखीवर गरम पाण्याचं कुंड. राहायची सोय, चुलीवरचं जेवण.' बस्स!

"यात महाराजांचं नाव कुठेय?" गुंडोपंत किंचाळले.

"पंत, गुडघा दुखला की माणूस गुडघ्याचं औषध शोधतो. महाराज कशाला शोधेल?"

हळूहळू वाफेवाडी यादीत वर सरकली. मग जी रीघ लागली म्हणता! सगुणाबाईच्या पोरींना भाकऱ्या थापायला हात पुरेनात.

महिना संपला तसे महाराज तरातरा कुंडावर आले. "पाहुणे आले खरे. पण माझी बिरुदं? आज सकाळी आलेल्या पाहुण्यालाही ती पाठ हवीत, नाहीतर हत्ती आणतो!"

"विचारा की कुणालाही."

महाराजांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या एका आजोबांकडे बोट केलं. आजोबा घडाघडा सुरू झाले, "अखिलरणधुरंधर, सकलकलामार्तंड, रिपुगजकेसरी..." एक अक्षर गाळलं नाही! शेजारच्या काकांनी सूर धरला, पलीकडच्या मावशींनीही.

महाराज थक्क झाले. "हे केलंस तरी कसं?"

सगुणाबाईनं महाराजांच्या पाठीमागच्या भिंतीकडे हात केला. हातभर उंच अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत बिरुदंच बिरुदं! "घाईच्या माणसाला दारात अडवून बिरुदं ऐकवली तर तो पळतो, महाराज. इथे कपडे काठावर ठेवून पाण्यात बसलेला माणूस पळून जाईल कुठे? पुन्हापुन्हा वाचतो बिचारा!"

"मग आणखी दहा-वीस बिरुदं वाढवू म्हणतो!"

"वाढवा की! पण वाचून होईपर्यंत पाहुण्यांची पाण्यात सुरकुतून पार खारीक होईल, त्याचं तेवढं बघा!"

महाराज इतके हसले, इतके हसले की तोल जाऊन मुकुटासकट कुंडात! पाण्यातून डोकं वर काढलं आणि तिथूनच हुकूम सोडला, "आजपासून कुंडाचा सगळा कारभार सगुणाबाईकडे! आणि तिच्या खाणावळीला कायमची करमाफी!"