ताठ बोटाची आवडाक्का

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा उंबरखोरीला यायला गाडीवाट नव्हती, घाटात वाघ होता आणि घराघराच्या छपरावर तांबडे भोपळे होते. पुढं वाट आली, वाघ गेला, पण भोपळे अजून आहेत बरं का! ते का आहेत ते ऐकायचं असेल तर सरसावून बसा. ही गोष्ट सांगायला घेतली की मला दम धरवत नाही, आधीच सांगून ठेवतो.

गाव डोंगराच्या कुशीत. शेत थोडं, दगड फार. पण एकेका घरामागं परडं होतं, आणि परड्यात भोपळ्याचा वेल. मृगात बी टोचलं की वेल परड्याभोवतीच्या काटक्यांच्या कुडावर चढायचा, कुडावरून छपरावर. दसऱ्याच्या सुमाराला भोपळे तयार व्हायचे आणि माळ्यावर जाऊन बसायचे, ते पार उन्हाळ्यापर्यंत. भात संपला तरी भोपळा असायचा. नवरात्रात नवमीला प्रत्येक घरातून उंबरजाईला भोपळ्याचे घारगे जायचे. देवीपुढं घारगे नाहीत अशी नवमी गावानं कधी पाहिलीच नव्हती, असं म्हणतात.

त्या सगळ्या मुलखाची एक रीत होती, आणि ह्या गावात ती फार कडक. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवायचं नाही. दाखवलं की तो कुजलाच म्हणून समजा. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलं तर तेच बोट दाताखाली धरून चावायचं, म्हणजे दोष उतरतो. रांगतं पोरसुद्धा त्या गावात बोट दुमडायला आधी शिकायचं आणि मग चालायला.

आणि नेमकी ह्याच गावात आवडा सून म्हणून आली! लहानपणी गवत कापताना तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला विळा लागला होता. जखम भरली, पण बोट वाकेना ते वाकेचना. खुंटीसारखं ताठ. त्यात पोरगी बोलकी, आणि बोलायची ती हातवारे करून. आता काय करावं सांगा!

सासू बायजाबाई तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हती. माप ओलांडून सून आत आली, तिनं पाया पडायला हात पुढं केले, आणि बायजाबाईंना ते बोट दिसलं. त्यांनी जुन्या लुगड्याची पांढरी चिंधी फाडली, सुनेच्या बोटाला गुंडाळली आणि म्हणाल्या, "बोट झाक, पोरी. परड्यात जाताना तर झाकच."

आवडानं झाकलं. भाकरी थापताना चिंधी सोडायची, परड्यात जाताना बांधायची. दुसऱ्याच्या कुडाजवळून जाताना हात पदराखाली घ्यायची. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. भोपळे उदंड आले, घारगे झाले, लोक ते बोट विसरूनही गेले. आवडाला ते घर आवडलं, परडं तर फारच आवडलं. तिला दुसरं होतं तरी काय? आई गेलेली. माहेर म्हणजे भावाचं दार, आणि त्या दारात भावजय उभी.

मग आली चैत्रातली जत्रा. देवळापुढं मोठा उंबर होता, त्याला आग्या माश्यांची मोहोळं लटकलेली. दर वर्षी पालखी त्याच्याखालून जायची, काही होत नव्हतं. पण त्या वर्षी हलगीवाल्यांच्या अंगात आलं होतं! अशी हलगी कडाडली की उंबराची पानं थरथरली, आणि माश्या उठल्या. मग काय विचारता! जो तो जीव घेऊन पळाला. पाटील गुरांच्या पाण्याच्या डोणीत जाऊन बसले, नाक तेवढं बाहेर ठेवून. तुम्ही हसताय, पण गाव हसलं नाही. कारण भोई पळाले आणि पालखी पडली. देवी मातीत पडली.

गाव संतापलं. पलिते पेटले. उंबरावरची मोहोळं जाळली, ओढ्यातली जाळली, कड्याखालची जाळली, भिंतीच्या भेगांतली बारकी पोळीसुद्धा सोडली नाहीत. खोऱ्यात एक माशी उरली नाही. त्या पावसाळ्यात परड्यांत इतकं शांत होतं की वेल वाढताना ऐकू यायचे, असं म्हणतात.

आणि वेल असे वाढले की पाहत राहावं! फुलंही रग्गड. भोपळ्याच्या वेलाला दोन जातीची फुलं येतात. एक नुसतंच लांब देठावरचं, त्याला गावात वांझोटं म्हणत आणि बायका त्याची भजी करत. दुसरं लेकुरवाळं, त्याच्या बुडाशी बोराएवढा भोपळा आधीपासूनच बसलेला. त्या वर्षी लेकुरवाळी फुलं सकाळी उमलायची, ऊन चढलं की मिटायची, आणि मागून तो बोराएवढा भोपळा पिवळा पडायचा, मऊ व्हायचा आणि गळायचा. एका परड्यात नाही, सगळ्या गावात! श्रावण निम्मा सरला तरी कुणाच्या छपरावर लिंबाएवढासुद्धा भोपळा नाही.

तेव्हा कुणाला तरी ते बोट आठवलं. पाटलीणबाई पाणवठ्यावर म्हणाल्या की आवडा आमच्या कुडाजवळून गेली तेव्हा तिची चिंधी सुटलेली होती. झालं! गावच्या तोंडाला कोण हात लावणार? बायकांनी आपापल्या कुडांवर गोणपाटं टाकली. ती वाटेनं दिसली की पोरांना आत ओढू लागल्या. शेवटी गाव देवळात बसलं, आणि पाटलांनी सांगितलं की नवमीला देवीपुढं घारगे नसले, तर दसऱ्याला आवडानं माहेरची वाट धरायची, परत यायचं नाही. नवरा सखोबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. आणि बायजाबाई, ज्यांना गावात कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं, त्या गप्प राहिल्या. आवडाला तेच लागलं. पाटलांचं बोलणं नाही, सासूचं गप्प बसणं.

दुसऱ्या दिवशी ती भल्या सकाळी परड्यात गेली. भज्यांना फुलं तर खुडायलाच हवीत, रडायला सवड कुणाला? वांझोटी फुलं खुडता खुडता बोटाची चिंधी फुलांतल्या भुकटीनं पिवळी झाली, हळद लागल्यासारखी. एवढ्यात पानाआड एक लेकुरवाळं फूल दिसलं. टपोरं उमललेलं, बुडाशी हिरवागार भोपळा. ते पाहून तिच्या डोक्यात तिडीकच गेली. ह्यांच्यासाठी मी बोट झाकलं, हात लपवला, मान खाली घातली, आणि हे उलटून माझ्यावरच? बोटानं कुजता काय? मग घे! आणि तिनं ते ताठ बोट, चिंधीसकट, फुलाच्या घशात घातलं आणि गरगरा फिरवलं.

मग घाबरली. रीतीप्रमाणे बोट चावलं, तर तोंड पिवळं झालं! तिथंच मटकन बसली आणि पोटभर रडली.

आता तो भोपळा कुजणार म्हणून ती रोज पान उचलून बघायची. कुजेना. बाकीचे नेहमीसारखे पिवळे पडून गळाले, आणि हा मात्र हिरवाच. मग लिंबाएवढा झाला! मग नारळाएवढा! सगळ्या गावात एकच भोपळा जगला, आणि तो कुठला, तर ज्याला ते बोट लागलं होतं. आवडाच्या छातीत हलगी वाजायला लागली. पण पोरगी नुसती हुरळणारी नव्हती. तिनं एका फुलाला धुतलेलं मोकळं बोट लावून पाहिलं. तो भोपळा गळाला. दुसऱ्याला पिवळी चिंधी लावली. तो धरला. म्हणजे बोटात दोष नव्हता, आणि बोटात देवही नव्हता. जे काय होतं ते वांझोटी म्हणून तळून खाल्लेल्या फुलांच्या भुकटीत होतं. मग ती भुकटी आजवर कोण नेत होतं? तिला गेल्या वर्षीची सकाळ आठवली, फुलाफुलांत लोळणाऱ्या, पिवळ्या पायांच्या माश्या आठवल्या, आणि जळणारी मोहोळं आठवली.

ती सासूला हाताला धरून परड्यात घेऊन आली आणि पान उचललं. खाली घागरीएवढा भोपळा!

"आत्याबाई," आवडा म्हणाली, "ह्याला म्या बोट दावलं न्हाई. लावलं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. फुलांचं, भुकटीचं, माश्यांचं. बायजाबाईंनी ऐकलं, भोपळ्यावरून हात फिरवला, सुनेच्या तोंडावरून फिरवला. देवळात मी गप्प बसले ते चुकलं माझं, असं सरळ म्हणाल्या. आणि उठल्या! सुनेचं मनगट धरून त्या ज्या निघाल्या, त्या गावातून थेट पाटलांच्या परड्यापाशी. पाटलीणबाई कुडाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. ही आत आली तर उरलासुरला वेलही वाळेल, म्हणाल्या. लोक गोळा झाले. तेव्हा बायजाबाईंनी भर गावात त्या घागरीएवढ्या भोपळ्याची, भुकटीची आणि माश्यांची हकीकत सांगितली, आणि म्हणाल्या, "माझी सून तुझ्या वेलाला बोट लावणार. कुजलं तर दसऱ्याची वाट कशाला? आम्ही दोघीबी त्याच दिवशी जातो."

दोघीबी म्हटल्यावर पाटलीणबाई बाजूला झाल्या. बायजाबाई सुनेकडं वळल्या. आजवर जे झाक म्हणाल्या, त्याच्याबद्दल आता म्हणाल्या, "पोरी, दाव बोट."

आवडानं ते बोट सगळ्या गावासमोर वर केलं. ताठच्या ताठ! आणि लागली कामाला. फूल ऊन चढलं की मिटतं, आणि परडी तर गावभर पसरलेली. ती पळत सुटली. ह्या कुडातून त्या कुडात, ह्या छपरावरून त्या छपरावर. पदर खोचलेला, बोट पिवळं, गाल पिवळे. आधी बायका नुसत्या बघत होत्या. मग एकीनं आपल्या बोटाला चिंधी बांधली, मग दुसरीनं, मग सगळ्याच धावत सुटल्या! शेवटच्या फुलाला बोट लागेपर्यंत त्या दिवशी सूर्य डोंगराआडच थांबला, असं म्हणतात. गावभर अशी पिवळी भुकटी उडाली की गुरवाचा पांढरा बैल संध्याकाळपर्यंत पिवळा होता. आणि त्या दिवसापासून उंबरखोरीत भोपळ्याच्या फुलांची भजी दुपारनंतरच होतात. सकाळी फुलांना काम असतं.

पुढं काय झालं ते विचारू नका! नाही, विचाराच. भोपळे डोळ्यांदेखत फुगले. पाटलांच्या छपराचं आढं मोडलं, आणि पाटीलच सगळ्यांना हसत हसत दाखवत सुटले. गुरवाच्या परड्यातला भोपळा तर गावातल्या गड्यांनी पहारी लावून ढकलत नेला. तो कोरल्यावर त्यात शेळी व्यायली आणि थंडीभर करडांना घेऊन तिथंच राहिली, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा.

नवमी आली. घराघरात घारगे तळायला लागले, आणि गुळाचा तो घमघमाट घाटापलीकडं गेला. देवीपुढं घारग्यांची रास लागली, हलगीवाल्यानं टिपरू उचललं, आणि तेवढ्यात घाटावरून एक काळा ढग आला. घोंघावत आला. मोहोळ! सगळं गाव जागच्या जागी थिजलं. कुणाचा तरी हात पलित्याकडं गेला.

आवडा पुढं झाली. कुणी तिला अडवलं नाही, कारण कुणाला हलताच येईना. तिनं पलित्याकडं गेलेला तो हात खाली केला, आणि आपलं ताठ बोट वर धरलं. ढग देवळावर फिरला, खाली आला, आणि राणीमाशी आवडाच्या बोटावर बसली! मागून सगळ्या आल्या. बोटावर, मनगटावर, पार कोपरापर्यंत माश्यांचा घोस लटकला. आवडा अशी चालत उंबरापाशी गेली आणि बोट फांदीला टेकवून उभी राहिली. एकेक करत माश्या फांदीवर गेल्या. तिला एकही चावली नाही. हलगीवाल्यानं टिपरू कमरेला खोचलं आणि हात जोडले.

आवडाची आवडाक्का झाली, म्हातारी झाली, गेली. उंबर अजून आहे, मोहोळं अजून आहेत. जत्रेत पालखी उंबराखाली आली की आजही हलगी थांबते, लोक दम रोखून जातात, आणि पुढं गेल्यावर दुप्पट जोरानं वाजवतात. श्रावणात पहिलं लेकुरवाळं फूल उमललं की बायका बोटाला पांढरी चिंधी बांधतात आणि आपलं परडं सोडून आधी शेजारणीच्या परड्यात जातात. बोलणं बंद असलेल्या शेजारणीकडंसुद्धा जावंच लागतं, त्यामुळं श्रावणात गावातली निम्मी भांडणं मिटतात. नवमीला पहिला घारगा देवीला, आणि दुसरा उंबराच्या बुंध्याशी, आवडाक्काच्या नावानं.

आणि एक गोष्ट फक्त उंबरखोरीतच होते. नवी सून माप ओलांडून आली की सासू तिला चुलीपाशी नेत नाही, आधी परड्यात नेते. पान उचलून कोवळा भोपळा समोर धरते आणि म्हणते, "पोरी, दाव बोट." परगावची पोर, जन्मभर बोट दुमडायला शिकलेली. ती गोंधळते, सासूच्या तोंडाकडं बघते. मग हळूच बोट सरळ करते.

आणि भोपळा कुजत नाही.