मूळचीच आहे, साहेब!

जालन्याच्या इमॅन्युएल साळवेने ऑर्केस्ट्रात उभा जन्म इलेक्ट्रिक गिटार वाजवली. हौसेपायी तिचे तारांचा आवाज टिपणारे पिकअप बदलले, बटणं बदलली. बोटं आखडली तेव्हा मात्र त्याने ती विकायला काढली आणि कपाटात जपलेला एकेक जुना भाग परत बसवून तिला पहिल्यासारखी केली.

गिऱ्हाईक आलं ते थेट नगरसेवक दिगंबरराव ढोबळे, कार्यकर्त्यांसकट! त्यांना दिवाणखान्यात टांगायला जुनी, अस्सल गिटार हवी होती. इमॅन्युएलने भाग बदलल्याची सगळी हकिकत सांगितली, तशी ती उलटीपालटी करून ते म्हणाले, "साळवे, एकदा बदललं ते बदललं. जुने भाग परत बसवले म्हणून काय ती मूळची होते? निम्मी किंमत घ्या."

कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या.

इमॅन्युएलने खिडकी उघडली. समोरच्या चौकात कालच फ्लेक्स लागला होता. दोन पक्ष फिरून पुन्हा पहिल्या पक्षात परतलेले दिगंबरराव त्यावर हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'मूळचा निष्ठावंत'.

"निम्मी करतो की, साहेब," इमॅन्युएल म्हणाला. "फक्त आधी त्या फ्लेक्सवरचं 'मूळचा' तेवढं खोडून या."

एका कार्यकर्त्याला हसू आवरेना. दिगंबररावांनी पूर्ण किंमत मोजली आणि जाताना खिडकी स्वतःच्या हाताने लावून घेतली.