शिकलेली कसर

“कागदात लिहिलंय ना? मग झालं! घाट केरोशेटचा!” मानाजीराव महाराजांनी निकाल ठोकला आणि तुळसा परटिणीच्या पायाखालची जमीनच सरकली.

सात पिढ्या तिच्या घरचे नदीच्या त्या घाटावर कपडे धूत आले होते. घाट गेला तर परटांच्या पंधरा घरांनी कपडे धुवायचे कुठं, ताटात? पण केरोशेट सावकाराला तिथं बाग करायची होती. बागेत बसून हवा खायची, आणि कानाशी ते आपटणं-धोपटणं नको! म्हणून त्यानं पणजोबांच्या पेटीतून एक कागद काढला. शंभर वर्षांचा म्हणे! घाट पणजोबांना बक्षीस मिळाल्याचं त्यात लिहिलं होतं.

आणि महाराजांचा लिहिलेल्यावर भारी विश्वास. मुदपाकखान्याच्या वहीत ‘आमटी गरम’ असं लिहिलेलं असलं की ते थंडगार आमटीसुद्धा फुंकून फुंकून पीत! आता अशा माणसापुढं बोलायचं तरी काय? पण तुळसा बोलली.

“सरकार, घाटावर येऊन दगड तरी बघा! कपडे आपटून आपटून त्याला परातीएवढा खळगा पडलाय. तो काय शेटजींच्या पणजोबांनी पाडला?”

“दगडावर तारीख आहे? शिक्का आहे?”

“नाही, सरकार.”

“मग दगडाचं काय ऐकायचं!”

“पण कागद खोटा आहे!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “तुला वाचता येतं?”

“नाही, सरकार.”

“आणि कागद खोटा म्हणतेस! ठीक आहे. सूर्य मावळायच्या आत खोटा ठरवून दाखव. एक अक्षरही न वाचता! नाही जमलं, तर परटांनी उद्याच घाट सोडायचा.”

केरोशेट खो खो हसला. तुळसानं हात पदराला पुसले आणि कागद घेतला.

“ए बाई, फाडशील!” शेट ओरडला.

तिनं कागद खिडकीतल्या उन्हात धरला. फरशीवर उजेडाचे ठिपके पडले, कारण कागदाला भोकंच भोकं होती. ती बराच वेळ बघत राहिली.

“शेटजी, ही भोकं कसली हो?”

“कसरीची! शंभर वर्षं पेटीत पडलेल्या कागदाला कसर लागणारच. हाच तर जुनेपणाचा पुरावा!”

“म्हणजे आधी लिहिलं, आणि मग कसर लागली?”

“अगं, भोकं पडलेल्या कागदावर कोण शहाणा लिहील?”

तुळसा दरबारातल्या फडणीसांकडे वळली. “ऐकलंत ना? मग मला एवढंच मोजून सांगा. भोकं किती, आणि कसरीनं अक्षरं किती खाल्ली?”

फडणीस कागदावर बोट फिरवू लागले. “भोकं अकरा. अक्षरं...” ते थबकले. पुन्हा मोजलं. “अक्षर एकही नाही, महाराज! भोक आलं की ओळ वळसा घालून पुढं गेलीय!”

“अगंबाई!” तुळसा म्हणाली. “सरकार, मी कसर लागलेली लुगडी रोज धुते. कसर काठ बघत नाही, बुट्टी बघत नाही, वाटेत येईल ते खाते. शेटजींची कसर मात्र शिकलेली दिसते! कोरा कागद तेवढा खाल्ला, शाईला तोंडसुद्धा लावलं नाही!”

दरबार हसला. महाराज कुठले ऐकायला! “शाई कडू लागली असेल तिला.”

“मग आपल्या दफ्तरातला जुना कागद मागवा ना, सरकार.”

राजघराण्याची वंशावळ आली. कसरीनं महाराजांच्या आजोबांचं अर्धं नाव आणि पणजोबांच्या सगळ्या पदव्या शाईसकट फस्त केल्या होत्या! महाराजांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. मग केरोशेटकडे पाहिलं. शेट घामानं निथळत होता.

“कागद जुनाच आहे, महाराज,” तो पुटपुटला.

“आणि त्यावरचं लिखाण?”

“गेल्या... गेल्या मंगळवारचं.”

महाराज तुळसाकडे वळले. “माझ्या एवढ्या पंडितांनी हा कागद वाचला. तुला एक अक्षर येत नाही, मग तुलाच कसं दिसलं?”

“त्यांना वाचता येतं ना, सरकार! ते वाचत बसले. मला नुसतं बघताच येतं!”

महाराज असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदील घरंगळून मांडीवर आला! घाट परटांना कायमचा मिळाला. तुळसाला जरीकाठी लुगडं मिळालं. आणि केरोशेटला हुकूम झाला, वर्षभर स्वतःचे कपडे त्याच दगडावर स्वतः आपटायचे!

दुपारी महाराज जेवायला बसले. वाढप्यानं नेहमीप्रमाणे वही उघडून वाचलं, “आमटी गरम!”

महाराजांनी वाटीत बोट बुडवलं.

“गार आहे रे, गाढवा! तापवून आण!”