साहेबांनी ओळखलेली वस्तू

एका साखर कारखान्यात यामिनी नावाची मुलगी संगणकाचे प्रोग्राम लिहायची. गाडीतल्या उसाचं निव्वळ वजन काढायला तिनं फंक्शनच्या, म्हणजे एक ठरलेलं काम करून देणाऱ्या सूचनांच्या, जागी ऑब्जेक्ट बसवलं. तेही फंक्शनसारखंच, हाक मारली की काम करायचं.

तिचे वरिष्ठ घोरपडेसाहेब खवळले. "काम फंक्शन करतं. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती ठेवायची नुसती वस्तू! काढा ते, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"काढते, साहेब. तुमचं जुनं फंक्शन आणि माझं ऑब्जेक्ट, दोन्ही नावं झाकून चालवते. त्यातली वस्तू कोणती, तेवढं दाखवा."

एकाच गाडीचं वजन दोन्हींनी अचूक सांगितलं. साहेबांनी ऐटीत पहिल्यावर बोट ठेवलं. "हे! बघताक्षणी कळतं. पुसून टाका."

"पुसते," यामिनी म्हणाली, "पण ते तुम्ही लिहिलेलं आहे, म्हणून एकदा विचारते."

साहेबांनी बोट मागे घेतलं. म्हणाले, "तुमचं राहू द्या. चहा घेणार का?"