सभामंडपातला खांब

“मग खांबातून खरंच कुणी आलं होतं का, बुवा?”

अनंतबुवा देवीच्या सभामंडपात वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परवाच्या प्रवचनात तूच सांगितलंस ना, भार्गवा? खांब म्हणजे माणसाचा कणा. नरसिंह म्हणजे त्याच्या आतलं बळ. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.”

भार्गव ओशाळला. त्या दिवशी त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

“ते पोथीपुरतं होतं,” तो म्हणाला.

देवीचा चांदीचा टोप चोरीला गेला होता. आळ आला होता देऊळ झाडणाऱ्या सगुणाबाईवर. आज दुपारी पारावर पंच बसणार होते आणि दिवेलागणीच्या आत तिला गावाबाहेर काढणार होते. टोप नेताना एका माणसाला भार्गवने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नेणारा तात्यासाहेबांचा जावई होता. आणि पंचांत मुख्य तात्यासाहेबच.

सकाळी ते त्याला घाटावर भेटले होते. रागावले नाहीत. प्रवचनाची तारीफ केली, आईची चौकशी केली. मग नदीकडे पाहत एवढंच विचारलं, की पोहता येतं ना?



“सकाळपासून आत शोधतोय, बुवा. बळ कुठे दिसत नाही. नुसती भीती आहे.”

बुवांनी वळलेली वात बाजूला ठेवली.

बाहेर दवंडी सुरू झाली. माणसं पाराकडे निघाली.

बुवा उठले. त्यांनी भार्गवचा हात धरून सभामंडपाच्या दगडी खांबावर टेकवला आणि त्यावर आपला तळहात ठेवला.

“काय लागतंय हाताला?”

“गार दगड.”

“आत कुणाची चाहूल?”

भार्गवने डोळे मिटले.

“नाही.”

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वरचा हातही घामेजला आहे.

“बुवा... तुम्हीसुद्धा?”

“तात्यासाहेब सकाळी माझ्याकडेही येऊन गेले.”

पारावरून सगुणाबाईचा आवाज येऊ लागला. ती रडत नव्हती. आपण टोपाला शिवलोही नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. मध्येच कुणीतरी हसलं.

“मी बोललो,” तो कसाबसा म्हणाला, “आणि धावून कुणीच आलं नाही, तर?”

बुवांनी खांबावरचा हात काढून घेतला. भार्गवचा तिथेच राहिला.

“बापानं विचारलं, या खांबात आहे का तुझा देव? पोरानं ‘आहे’ म्हटलं...”

ते थांबले.

“तेव्हा खांब अजून धड होता.”